मदत हवी: लोकल बंद पडल्यावर ऑफिसातून चालत घरी जायची बॅग हलकी कशी करू?

अनघड
दर पावसाळ्यात नुसतं ठरवते, या वेळी भरूनच ठेवली. काट्यावर ठेवली तर सव्वासात किलो! खांद्याला लावून सोसायटीत दोन फेऱ्या मारल्या तर मान अवघडली. रेनकोट, छत्री, टॉर्च, पाणी, खाऊ, पॉवरबँक, औषधं, टॉवेल, कपडे, बूट, एवढंच आहे. यातलं काय काढू? उद्याच न्यायची आहे, लवकर सांगा. "घरी थांबा" सांगू नका, ती सोय नाही.

मोजून_मापून
कुठून कुठे? किती किलोमीटर? प्रत्येक वस्तूचं वजन द्या. तुम्ही सांगितलेल्या सामानाचं सव्वासात किलो होत नाही, काहीतरी सांगायचं राहिलंय.

डोंगरभटक्या
४० लिटरची सॅक घ्या, कंबरपट्टा असलेली. वजन खांद्यावरून कमरेवर येतं, मग आठ किलोही जाणवत नाहीत. छातीचा पट्टा मात्र घट्ट आवळू नका.

मोजून_मापून
@डोंगरभटक्या, त्या वजन कमी करायला विचारतायत, वाहायला नाही. शिवाय ऑफिसला रोज ४० लिटरची सॅक घेऊन लोकलमध्ये शिरायचं कसं?

अनघड
लोअर परळ ते मुलुंड पश्चिम. वजनं ग्रॅममध्ये: लॅपटॉप १६००, चार्जर ३००, पाणी १ लिटर, रेनकोट-पँट ७००, जीन्स ६५०, बूट ६००, पॉवरबँक (वीस हजार एमएएचवाली) ४००, औषधांचा डबा ४००, छत्री ३५०, टॉवेल ३५०, बाकी बॅग आणि किरकोळ. लॅपटॉप लिहिला नव्हता, तो रोज असतोच म्हणून.

मोजून_मापून
तिथेच १९०० ग्रॅम गेले. लॅपटॉप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करून निघायचं. गुडघाभर पाण्यातून नेलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी चालेल याची खात्री नाही, आणि तो वाचवायला माणूस हात वर धरून चालतो, तोल जातो.

अंतर साधारण २५ किलोमीटर आहे. कोरड्या रस्त्यावर सहा-सात तास. पोटरीपर्यंत पाणी असेल तिथे ताशी दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. म्हणजे दुपारी चारला निघालात तर मध्यरात्र धरून चला. तेव्हा टॉर्च ठेवाच, फक्त हातात धरायचा नको, डोक्याला लावायचा घ्या. हात मोकळे राहतात, सेलसकट ८० ग्रॅम भरतो. बॅगेत दाबला जाऊन आपोआप चालू होतो आणि ऐन वेळी सेल संपलेले निघतात. त्यासाठी एक सेल उलटा घालून ठेवा.

कोरडे_मोजे
बुटांचं कोणी बोललं नाही अजून. कुठले बूट आहेत?

अनघड
गमबूट. खास पावसाळ्यासाठी घेतले.

कोरडे_मोजे
तेच चुकलं. पाणी गमबुटाच्या काठावरून एकदा आत शिरलं की बाहेर पडायला जागाच नाही. एकेका बुटात लिटरभर पाणी, म्हणजे पायागणिक एक किलो, शिवाय पाय आत सटकतो आणि टाच सोलली जाते. स्लिपर तर मुळीच नको, पाण्याच्या ओढीत पहिली तीच निघून जाते आणि मग अनवाणी चालावं लागतं. मागे पट्टा असलेली रबरी सँडल किंवा जाळीचे जुने स्पोर्ट्स शूज घ्या. पाणी आत येतं तसंच बाहेर जातं.

मोजे सुती नकोत, सिंथेटिक, आणि एक जादा जोड. निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यात, टाचेला आणि मांड्यांना आतून व्हॅसलीन चोळा. ओल्या कातडीवर फोड पाचेक किलोमीटरला येतात, आणि आल्यावर मग उपाय चालत नाहीत.

पावसाळी
गमबुटाला सरसकट नावं ठेवू नका. तळव्याला काच-खिळा लागत नाही हा मोठा फायदा आहे. घोट्यापर्यंतच्या पाण्यात गमबूटच बरे.

कोरडे_मोजे
@पावसाळी, घोट्यापर्यंतच पाणी राहील हे लोअर परळहून निघताना कोण सांगणार? काच लागू नये म्हणूनच जाळीचे स्पोर्ट्स शूजही सांगितले.

पावसाळी
बरं, तो मुद्दा सोडतो. पण छत्रीचं ऐका. घडीची छत्री वाऱ्यात उलटी होते, ती काढा. लांब दांड्याची घ्या, उघडायला नव्हे, पुढचा रस्ता चाचपायला. प्रत्येक पावलाआधी टोक टेकवायचं. टोक खोल गेलं तर थांबायचं. गढूळ पाण्यात मॅनहोल दिसत नाही. कुठे पाणी गोल फिरताना दिसलं किंवा कोणी झाडाची फांदी खोचून ठेवलेली दिसली तर तिथून लांब राहा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात याच भागात एक डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. रस्त्याला दुभाजक असेल तर त्याच्या कडेने चाला. विजेचे खांब, रस्त्यावरच्या विजेच्या पेट्या, दुकानांची लोखंडी शटर, कशालाही हात लावायचा नाही. अंगावर पोंचो, बॅगेसकट झाकणारा. २५० ग्रॅम. रेनकोट-पँटच्या ७०० ऐवजी, म्हणजे ४५० वाचले.

गतीमान
एवढं सगळं कशाला? रुळांच्या कडेने सरळ चालत जा. रस्ता चुकायचा प्रश्नच नाही, सगळे तेच करतात.

मोजून_मापून
@गतीमान, असं कृपया सांगू नका. एक लाईन बंद असली तरी बाजूच्या लाईनवर गाडी येऊ शकते आणि पावसाच्या आवाजात ती ऐकू येत नाही. नाल्यावरच्या पुलांना रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या (स्लीपरांच्या) मधे खाली काहीच नसतं, वर पाणी असलं तर ती फट दिसतही नाही. वर २५,००० व्होल्टची तार. आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. फक्त बंद गाडीतून रेल्वेच्या माणसांनी स्वतः उतरवलं तर त्यांच्यामागून जायचं.

उमा_ठा
अनघड, औषधांच्या डब्यात ४०० ग्रॅमचं आहे तरी काय? रोजची गोळी आहे का काही? आणि पॅडचं कुठेच लिहिलं नाहीत. दोन पॅड झिपच्या पिशवीत ठेवा, तारीख असो-नसो. दहा-बारा तास बाहेर असता. वाटेत पेट्रोल पंपावरचं शौचालय दिसलं की गरज नसली तरी जाऊन घ्या, पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही. पाणी पिणं टाळू नका, टाळलं की पायात गोळे येतात.

अनघड
थायरॉइडची गोळी आहे, सकाळची. डब्यात कापूस, मोठी बँडेजं, डेटॉलची बाटली, कात्री, तीन प्रकारच्या गोळ्या, ओआरएसचं मोठं पाकीट.

गोळीवाला
डेटॉलची बाटली आणि कात्री काढा. पाणी न शिरणाऱ्या पट्ट्या ६, थायरॉइडच्या २ गोळ्या, पॅरासिटामॉल २. सगळं ८० ग्रॅममध्ये बसेल. पायावर आधीच चीर किंवा फोड असेल तर पाण्यात उतरण्याआधी पट्टी लावा, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) जंतू तिथूनच शिरतात.

ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतलं तर मीठ दुप्पट होतं आणि तहान उलट वाढते. अंदाजाने अर्धं ओतणंही चूक. २०० मिलिलिटरवाली छोटी पाकिटं दोन घ्या आणि बाटलीवर ४०० ला मार्करने रेघ मारा.

घरी पोचल्यावर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टो टाळायला मोठ्यांना डॉक्सीसायक्लिन २०० मिग्रॅचा डोस देतात, पण गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नका. बॅगेत तर ठेवूच नका. रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर घेतलं आणि आडवं झालं की अन्ननलिका भाजते.

तोक्योकर
इथे जपानात ११ मार्च २०११ च्या भूकंपात गाड्या थांबल्या आणि तोक्योच्या परिसरात सुमारे ५१ लाख लोक अडकले. सगळे एकदम चालत निघाले, रस्ते तुंबले, अ‍ॅम्ब्युलन्स अडकल्या. त्यानंतर एप्रिल २०१३ पासून तोक्योत अध्यादेश लागू आहे: कंपनीने माणसांना ऑफिसातच थांबवून घ्यायचं आणि तीन दिवसांचं पाणी-अन्न साठवायचं. माणशी ९ लिटर पाणी. तुमच्या कंपनीला विचारून बघा.

अनघड
तोक्योकर, माहिती छान आहे, पण मी बॅगेबद्दल विचारलंय.

मोजून_मापून
अनघड, त्यांचं म्हणणं बॅगेबद्दलच आहे, नीट बघा. जीन्स, टॉवेल, जादा कपडे ही रात्री थांबायची तयारी आहे, चालायची नाही. ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. पाठीवर फक्त चालायला लागतं तेवढंच. तुमचं वजन वाढलं कारण दोन बॅगा एकात भरल्यात.

कधी थांबायचं हे भरतीच्या वेळापत्रकावर ठरवा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार एकत्र आलं की नाल्यांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात, शहरातलं पाणी जायला वाटच नसते. भरतीच्या ऐन वेळी निघू नका, दोन-तीन तासांनी पाणी उतरू लागतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कालची वेळ आज धरू नका. आणि खिडकीबाहेर बघून ठरवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तेव्हा कुलाब्याला ७३ होता. कुर्ल्याला काय चाललंय ते विचारायचं. महापालिकेचा नंबर १९१६.

घाटकोपरकर
रस्त्याचं सांगतो. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद आहे. गोखले रोडने दादर, टिळक पुलावरून पूर्वेला, म्हणजे हिंदमाता (नेहमी पाणी तुंबतं ती जागा) टळतं. पुढे गांधी मार्केटला पाणी असणारच, तिथे चाचपत जा. सायननंतर कुर्ल्याच्या एलबीएसला (लाल बहादूर शास्त्री मार्ग) शिरू नका, मिठी नदी शेजारी आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग धरा, जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे त्यानेच. विक्रोळीच्या पुढे जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पुलावरून गांधीनगर, मग एलबीएसने भांडुप, मुलुंड. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

पावसाळी
जेव्हीएलआरचा पूल चालणाऱ्यांसाठी वाईट आहे, गाड्या अंगावर येतात. ऐरोली जंक्शनपर्यंत सरळ जाऊन नाहूरच्या पुलावरून पश्चिमेला उतरा.

घाटकोपरकर
नाहूरने गेलं तर महामार्गावर जास्त चालावं लागतं. रात्री मी जेव्हीएलआरच सांगेन, वर्दळ असते.

अनघड
दोन्ही लिहून घेतले. आता हे असं (ग्रॅम): घडीची पातळ सॅक २००, पोंचो २५०, पाच हजारवाली पॉवरबँक आणि केबल १५०, डोक्याचा टॉर्च ८०, अर्धा लिटर पाणी बाटलीसकट ५२०, ओआरएस १०, खजूर आणि भाजलेले चणे २००, पंचा १२०, मोजे ५०, औषधं ८०, पॅड ३०, कचऱ्याची मोठी पिशवी ४०. बेरीज १७३०. सँडल ड्रॉवरमध्ये, तिथूनच घालून निघणार.

उमा_ठा
सुटे पैसे? नेटवर्क गेलं की यूपीआय बंद. दहा-वीसच्या नोटा मिळून ५०० रुपये ठेवा. घरचे तीन नंबर कागदावर लिहून झिपच्या पिशवीत, बॉलपेनने. जेलपेनची शाई ओल्याने पसरते. आणि फोन दोन पिशव्यांत, एकीत एक.

अनघड
शिट्टी घ्यायची का? आणि पॉवरबँक महिनोन् महिने पडून राहिली तर चार्ज उतरते का?

मोजून_मापून
शिट्टी घ्या, पोंचोच्या गळ्याला बांधा, बॅगेत नको. पॉवरबँक थोडी थोडी उतरते. महिन्याच्या एक तारखेला लावायची, त्याच दिवशी चणे बदलायचे, ओल धरून ते मऊ पडतात. टॉर्चचा सेलही त्याच दिवशी सरळ करून बघा, आणि परत उलटा घाला.