कर्नल म्हणून रिटायर होतोय, एमडीपी (मॅनेजर लोकांचे छोटे ट्रेनिंग प्रोग्रॅम) शिकवायच्यात. सुरुवात कुठून करू?

पायदळवाला: २४ वर्षं झाली, पेपर टाकलेत, दिवाळीनंतर पुण्यात कायमचा. सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटचा कोर्स झालाय, उस्मानिया युनिव्हर्सिटीची एमएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची मास्टर्स पदवी आहे. सिक्युरिटी हेड वगैरे नकोय, मॅनेजर लोकांना लीडरशिप शिकवायचीय. पीएचडी नाही. कोणी घेईल का उभं करून?

चाकणकर_मामा: सर जय हिंद. मी तुमच्याच वाटेने आलो, सहा वर्षं झाली. पहिलं सेशन एका कारखान्यात, ९० स्लाइड, निम्म्या बर्फातल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी खूश, आणि जेवताना एक प्लँट मॅनेजर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा माणूस ऑर्डर ऐकतो, माझा राजीनामा टाकून शेजारच्या कंपनीत जातो, मग मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुढचे दोन तास तीच वरणभाताची ताटली डोळ्यासमोर.
मग स्लाइड फेकल्या. आता फरशीवर रांगोळीने त्यांच्याच शॉपफ्लोअरचं सँड मॉडेल (फौजेत जमिनीवर मांडतात तसा नकाशा) काढतो, काडेपेट्या म्हणजे मशीन, आणि गेल्या महिन्यात लेट झालेलं एक डिस्पॅच त्यांच्याकडूनच चालवून घेतो. नंतर काय चुकलं ते बोलायच्या डीब्रीफला सगळ्यात ज्युनियर आधी बोलणार, साहेब शेवटी. साहेबांना पहिली वीस मिनिटं गप्प बसवणं हेच माझं खरं काम, त्याचेच पैसे घेतो म्हणा ना.

एलअँडडी_वाली: दादा, मी कंपनीत ट्रेनिंग बघते, त्या बाजूने सांगते. फौजी ट्रेनरचे मेल आठवड्याला येतात आणि सगळ्यांत "डिसिप्लिन" आणि "टीमवर्क" असतं, मी उघडतही नाही. एक प्रॉब्लेम लिहा, उदा. नवीन प्रमोट झालेला सुपरवायझर कालच्या मित्रांना काम कसं सांगणार. आणि पीएचडीचं टेन्शन नको, यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस हे अनुभवी लोकांसाठीचं शिकवायचं पद आणलंय, १५ वर्षांचा अनुभव लागतो, आर्म्ड फोर्सेसचं नाव त्यात स्पष्ट आहे. फक्त ती कायमची नोकरी नाही, जास्तीत जास्त चार वर्षं.

कॅन्टोन्मेंटची_सून: आमच्याकडे हे रिटायर झाल्यावर डीजीआरतर्फे (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) आयआयएमला २४ आठवड्यांचा कोर्स करून आले. कोर्सपेक्षा एक सवय कामी आली, तिथे वर्गात बावीस वर्षांच्या मुलाने तोंडावर "आय डिसअॅग्री" म्हटलं तरी जेवण गोड लागायला लागलं 😄 घरी मात्र अजून ब्रीफिंगच असतं.

पायदळवाला: मामा, रांगोळी पटली. माझ्याही ५५ स्लाइड तयार आहेत आणि त्यातल्या किती बर्फातल्या ते विचारू नका. एखाद्या सेशनला मागे बसू देता का? चहा मी आणतो.

चाकणकर_मामा: या की. पण मागे नाही, काडेपेट्या तुम्ही मांडायच्या.