प्लॅस्टिसिटीला ‘लवचिकता’ म्हणायचं का?

ब्रेन प्लॅस्टिसिटी, म्हणजे अनुभवाने मेंदूची जडणघडण बदलणं, तिला सगळीकडे ‘मेंदूची लवचिकता’ असं लिहितात आणि मला तो शब्द दरवेळी खटकतो. लवचिक म्हणजे वाकेल पण सोडलं की परत सरळ, वेताच्या छडीसारखं. प्लॅस्टिकचं ग्रीक मूळ मात्र घडवण्याचं, ओल्या मातीसारखं, दिलेला आकार टिकतो. पदार्थविज्ञानात म्हणूनच इलॅस्टिसिटीला स्थितिस्थापकता आणि प्लॅस्टिसिटीला आकार्यता, असे शब्दच वेगळे.

फरक कुठे पडतो ते उंदरांच्या प्रयोगात दिसतं. एका उंदराला दहा दिवस रोज पाच-दहा मिनिटं दांडगट उंदराच्या पिंजऱ्यात सोडतात, तो चावतो, लोळवतो, मग मधे भोकं असलेली पारदर्शक भिंत टाकून उरलेला दिवस त्याच्या शेजारीच ठेवतात, म्हणजे मार थांबला तरी वास आणि नजर चालूच. नंतर जाळीआड दुसरा उंदीर दिसला की यातले बरेचसे लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. याला सोशल डिफीट म्हणतात. ‘सामाजिक पराभव’पेक्षा मला ‘दबून जाणं’ जवळचं वाटतं, सतत बोलणी खाणारा माणूस दबून जातो म्हणतो ना आपण, तेच.

दीर्घ ताणात मेंदूच्या आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात पण भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागात उलट वाढतात, म्हणजे दबणं हीसुद्धा प्लॅस्टिसिटीच! ‘लवचिकता’ नुसती चांगल्या अर्थाची, तिला हे पेलत नाही.

आता गोळ्या. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाच्या एका डोसने तो उंदीर कोपरा सोडत नाही, काही आठवडे दिलं तर जाळीजवळ येतो. 2011 मधल्या एका वेगळ्या प्रयोगात, जिथे उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली होती, तिथे तर नुसती गोळी पुरली नाही, नुसता भीती घालवायचा सरावही पुरला नाही, दोन्ही एकत्र दिल्यावर उंदरांची भीती गेली आणि परत उसळली नाही. गोळीने माती ओली झाली, आकार सरावाने दिला.

माझ्या मैत्रिणीने गोळ्या सुरू करताना विचारलं होतं, ‘मी परत पहिल्यासारखी होईन ना?’ ‘लवचिकता’ हा शब्द तिला तीच आशा दाखवत होता, आणि तसं झालं नाही की स्वतःलाच दोष.

आकार्यता बरोबर आहे पण बोलण्यात येत नाही. ‘घडणं’ मात्र येतं, माणूस घडतो, मडकं घडतं, आणि ‘माझ्या बाबतीत असं घडलं’ हेही त्यातच. मग ‘घडणशीलता’ कसं वाटतं?