फोटोच्या धंद्यात तुमचं गिऱ्हाईक कसं ठरलं? (अनुभव)

खिडकीपाशी
काल माळा आवरताना बाबांच्या स्टुडिओचं बिलबुक सापडलं. वर छापलेलं: 'लग्न, मुंज, बारसे, पासपोर्ट. सर्व प्रकारच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील.' त्यांना चाललं, गावात स्टुडिओच दोन. मी पुण्यात सुरुवात केली तेव्हा इन्स्टावर जवळपास हेच लिहिलेलं. फोन यायचे, पण पहिला प्रश्न 'रेट काय' आणि दुसरा 'कमी नाही का होणार'.

मग एक मुंज मिळाली. मातृभोजनात बटू जिलबी सोडून पापड मागतोय, आई हसता हसता रडतेय, असा एक फोटो आला. तो त्यांच्या फॅमिली ग्रुपवर गेला आणि पुढच्या मुंजी त्याच नात्यातून आल्या. मुंजीत फोन बाबा करतात, फोटोग्राफर ठरवते आई, आणि तिला नाव सुचवते आत्या नाहीतर जाऊ. आता माझं सगळं त्या आईसाठी. नोकरी करणारी, कार्यालय आधीच धरलेली, गुरुजींना 'जरा थांबा, फोटो' म्हणून ओरडणारा माणूस जिला नको आहे. मुंजी उन्हाळ्यात, पण माझी जाहिरात दिवाळीत, कारण कार्यालयं तेव्हा ठरतात.

तुमचं कसं ठरलं?

सांगलीचा बापू
आमच्याकडं असं निवडून चालत नाय ताई. सरपंचाच्या पोराचं लग्न घेतलं नाय तर पुढची चार जातात. पण डिसेंबर २०२१ ला कोर्टानं बैलगाडा शर्यती परत चालू केल्या, तवापासनं मी मैदानावर जातो. गाडामालक स्वतःच्या लग्नाच्या अल्बमला घासाघीस करतो, बैलाच्या फोटोला नाय. फकस्त बैल एकटा झ्याक दिसला पायजे, शेजारी दुसऱ्याचा बैल नको. रीलवर बैलाचं नाव टाकायचं, आपलं नाय. फोन आपोआप येतो.

चिंगी
बापू, बैलाला मेकअप आर्टिस्ट लागतो का? 😂

सांगलीचा बापू
शिंगं रंगवणारा येगळा असतो. त्यो माझ्यापेक्षा जास्त घेतो.

आईची_लेक
@खिडकीपाशी मातृभोजनाचा केटरर कोण होता? एप्रिलमध्ये भाच्याची मुंज आहे, पन्नास पानं. विपू (निरोप) कर प्लीज.

ठाणेकरीण
मी बाळांचे फोटो काढते. गुंडाळलेल्या, टोपलीतल्या पोझ दहा-बारा दिवसांच्या बाळाच्याच जमतात, तेव्हा ते गाढ झोपतं. आणि आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही. घरी जाऊन बघितलं: खोलीत शेक-शेगडीचा धूर, आजी म्हणणार बाळाला उघडं करू नका. आजीशी वाद घालून धंदा होत नाही हो. म्हणून उष्टावण धरलं. बाळ बसतं, चांदीची वाटी असते, मामा आलेला असतो, आजी खूश. पोस्टसुद्धा आजीला कळेल अशा मराठीत लिहिते, कारण ती पोस्ट लेकीला फॉरवर्ड तीच करते.
(कुकर झाला, येते)

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत ऑक्टोबरात पानं रंगली की सगळेच वीस मिनिटांची मिनी सेशन विकतात. माझं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांचे आई-बाबा भारतातून आलेत आणि थंडी वाढायच्या आत परत निघालेत अशी घरं. ते भाव करत नाहीत, फक्त 'विमानाच्या आधी प्रिंट मिळेल ना' विचारतात. जाहिरात एकच, मंडळाच्या गणपतीत टेबल. नऊवारी आणि स्नीकर्स घातलेल्या आजींचा मोठा फोटो टेबलावर ठेवला की बाकी काही बोलावं लागत नाही.

चिंगी
स्नीकर्सवाल्या आजी 😍 फोटो टाका ना, त्यांना विचारून.

पंचांगवाला
एकाच प्रकारावर घर चालवायचं म्हणता, ठीक. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. ऐन सुट्टीत मुंजी बंद, लग्नं बंद. मग? मी म्हणूनच सगळं घेतो, पासपोर्टसकट.

खिडकीपाशी
एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा भरून घेतला. आणि मी मुंज नाही धरलेली, ते घर धरलंय. त्याच घरात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन निघतं, आत्याच्या लेकीचं डोहाळजेवण निघतं. माणसं तीच, कार्य वेगळं. पासपोर्टला माझी ना नाही, पण तो काढणारा कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, मला शोधत येत नाही.
@आईची_लेक केलीय विपू.

चिंगी
अधिक महिन्यात जावयांचे फोटो काढा. चांदीच्या ताटात ३३ अनारसे आणि मागे अवघडलेला जावई.

पंचांगवाला
जावई फुकटात काढून मागेल.

ठाणेकरीण
आले. अनारशांवरून, माझे मागच्या वेळी तुपात विरघळले. गूळ जास्त झाला असेल का?

आईची_लेक
हो, नाहीतर तांदूळ नीट निथळले नसतील. थोडं कोरडं पीठ मिसळून एकच तळून बघायचा, मग बाकीचे. पुरीसारखा उलटायचा नाही, वरून तूप उडवायचं.