मदत हवी आहे: छोट्या साप्ताहिकाला परदेशी संस्थेची मदत घेता येते का?

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं नाशिकमधून एक छोटं नोंदणीकृत साप्ताहिक आणि यूट्यूब चॅनेल चालवतो. लासलगावचे कांद्याचे लिलाव, सुरगाणा-पेठकडचे उन्हाळ्यातले टँकर, असे विषय. जाहिराती दिवाळीपुरत्या, आणि ज्याची जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध बातमी लावताना होणारी पंचाईत काय वर्णावी!

'इंटरन्यूज'बद्दल वाचलं. १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ना-नफा संस्था, देशोदेशीच्या स्थानिक माध्यमांना प्रशिक्षण, निधी, तांत्रिक मदत देते. वाचून हुरूप आला, पण परदेशी देणग्यांवरच्या एफसीआरए २०१० या कायद्याचं कलम ३ आडवं आलं. नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, संपादक, वार्ताहर यांना परदेशी देणगी घेताच येत नाही. दृकश्राव्य बातम्या करणाऱ्या कंपन्यांनाही तीच बंदी.

मग नुसतं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं तर चालतं का? की तेही देणगीत धरतात? स्वतंत्र माध्यमांना पैसे देणाऱ्या बंगळुरूच्या आयपीएसएमएफसारख्या देशातल्याच संस्थेच्या निधीसाठी कुणी अर्ज केलाय का? आमच्याएवढ्या लहानांना ते दारात तरी उभं करतात का?

नाशिकमध्ये एफसीआरए कोळून प्यायलेला सीए माहीत असेल तर कृपया इनबॉक्स करा. आमच्या सीएंची गाडी जीएसटीच्या पुढे जात नाही.