मदत हवी आहे: 'सॅव्हेजेस' (१९७४) हा टीव्हीपट कुठे बघायला मिळेल?

मंडळी, रॉब व्हाइटची 'डेथवॉच' (१९७२) ही कादंबरी परवा एका बैठकीत संपवली. वाळवंटात वाटाड्या म्हणून गेलेला कॉलेजचा पोरगा बेन, रानमेंढ्याच्या शिकारीला आलेला श्रीमंत मॅडेक. मॅडेकच्या गोळीने एक म्हातारा मरतो, बेन ते दडवायला तयार होत नाही, म्हणून हा त्याचे कपडे-बूट काढून, पाण्याशिवाय उन्हात हाकलतो आणि जीपमधून दुर्बिणीने पाळत ठेवतो. स्वतः गोळी घालत नाही, ऊनच काम करेल म्हणून! वाचताना मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

यावर अमेरिकेत एबीसी वाहिनीने १९७४ मध्ये 'सॅव्हेजेस' हा टीव्हीपट केला होता. मॅडेक झालाय अँडी ग्रिफिथ, म्हणजे 'द अँडी ग्रिफिथ शो' या मालिकेतला तो गोड शेरीफ! बेन सॅम बॉटम्स. मायकल डग्लसचा 'बियाँड द रीच' हा चित्रपटही याच कादंबरीवरचा, पण मला जुनाच हवाय.

कुणाकडे डीव्हीडी किंवा अधिकृत लिंक आहे का? प्रिंट बरी असावी, सबटायटल्स असल्या तर उत्तमच. आणि ज्यांनी पाहिलाय त्यांनी एवढंच सांगा: कादंबरीतला गलोलीचा प्रसंग ठेवलाय का? शेवट मात्र फोडू नका.