मदत हवी आहे : म्युऑनने जमिनीखालचा अणुकचरा कसा पाहतात?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रदर्शनासाठी विषय निवडलाय : पुरलेल्या अणुकचऱ्यावर वैश्विक किरणांनी (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांनी) लक्ष ठेवणे. पोरगी जिद्दी आहे, तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

आम्हाला समजलेलं असं. वैश्विक किरण वातावरणावर आदळून म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) तयार होतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक पडतो. दाट वस्तूतून कमी पार होतात आणि युरेनियमसारख्या जड अणूंजवळ जास्त वळतात. म्हणून बंद पिंपात काय आहे ते न उघडता कळतं. २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमधली पोकळी अशीच सापडली. फुकुशिमाच्या अणुभट्टीचं चित्रही असंच काढलं.

अडलंय ते पुढे. फिनलंडचं ओंकालो हे अणुकचरा पुरण्याचं भांडार चारशे मीटरहून खोल आहे, तिथे म्युऑन हजारो पटींनी कमी. मग खडकात पाणी झिरपून घनता बदलली, तर तो बदल दिसायला किती काळ मोजावं लागेल? महिने की वर्षं?

दुसरं, दोन गायगर नळ्या (किरणोत्सार मोजणाऱ्या नळ्या) एकावर एक ठेवून, दोन्हींत एकाच क्षणी आलेली नोंदच मोजायची असं ठरवलंय. आधी गच्चीवर, मग परवानगी मिळाली तर भुईकोट किल्ल्याच्या तटाआड. नळ्या आडव्या रोखून तटातून येणारे मोजावेत, तर मुळातच तिरके म्युऑन कमी. फरक दिसेल का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.