दक्षिण इंग्लंड: रेल्वे संपाच्या आठवड्यात हीथ्रो–साउथॅम्प्टन, रीडिंग आणि गॅटविक कसं गाठायचं?

सोलंटकाठ

मुंबईहून दोन ज्येष्ठ मंडळी हीथ्रोला येणार आहेत. विमान दुपारी दीडला उतरतं. माणशी २३ किलोची एक बॅग आणि एक हातातली. त्या आठवड्यात रेल्वेचा संप पडला, तर पुढचे तीन प्रवास कसे आखावेत?

पहिला, त्याच दिवशी हीथ्रो ते साउथॅम्प्टन. दुसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर साउथॅम्प्टन ते रीडिंग. तिसरा, रविवारी क्रॉयडनहून गॅटविक, सकाळी अकराच्या आत.

रेल्वेची अ‍ॅडव्हान्स तिकिटं, म्हणजे ठरलेल्या एकाच गाडीपुरती चालणारी स्वस्त तिकिटं, काढलेली आहेत. ती आत्ताच रद्द करावीत का? संपाच्या दिवशी रेल्वे बदली बस सोडते का? आणि गूगल मॅप्सवर संपाच्या तारखेलाही सगळ्या गाड्या दिसतात, त्यावर विसंबावं का?

जंक्शनवाला

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. बदली बस सहसा नसते. रुळांचं काम असतं तेव्हा कंपनी बस भाड्यानं घेते, कारण एखादाच टप्पा बंद असतो. संपात अख्खं जाळं बंद पडतं आणि तेवढ्या बस कुठून आणणार? त्यामुळे स्टेशनबाहेर बस उभी असेल ही आशा सोडा. गूगलवर विसंबू नका. संपाचं वेळापत्रक प्रवासाच्या फक्त काही दिवस आधी तयार होतं. ते चढेपर्यंत सगळ्याच अ‍ॅपवर नेहमीच्या गाड्या दिसत राहतात. नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर त्या तारखेचं वेळापत्रक पक्कं झाल्याची सूचना येते, ती आल्यावरच बघा. आदल्या रात्री दहानंतर पुन्हा एकदा बघा.

आता मुख्य गोष्ट. ‘रेल्वेचा संप’ एवढ्या माहितीवर काहीच आखता येत नाही. संप कोणाचा, ते विचारा. तीन प्रकार असतात आणि तिन्हींत तुमचा मार्ग वेगळा निघतो.

ड्रायव्हरांचा संप, म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅस्लेफ युनियनचा, असेल तर ज्या कंपनीत संप आहे तिच्या गाड्या जवळपास शून्य. पण बाजूच्या कंपनीच्या गाड्या त्याच रुळांवरून धावू शकतात. उदाहरणार्थ ग्रेट वेस्टर्न कंपनीचे ड्रायव्हर संपावर असले, तरी लंडनच्या आरपार जाणारी एलिझाबेथ लाइन ही रेल्वे पॅडिंग्टन–रीडिंग चालू असते, कारण तिचे ड्रायव्हर वेगळ्या कंपनीत आहेत. लंडन ओव्हरग्राउंडचंही तेच.

सिग्नल सांभाळणाऱ्यांचा संप असेल, म्हणजे रूळ आणि सिग्नल सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलमधल्या आरएमटी युनियनच्या लोकांचा, तर उलटं. सगळ्याच कंपन्यांना फटका बसतो आणि एलिझाबेथ लाइन, हीथ्रो एक्स्प्रेसही त्यातून सुटत नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या संपांत मोजक्या मुख्य मार्गांवर साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा एवढ्याच गाड्या होत्या, त्याही नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढ्या. अशा दिवशी ट्यूबचे, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचेही दोन तुकडे अडतात, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं: डिस्ट्रिक्ट लाइनचा रिचमंडकडचा फाटा आणि बेकरलू लाइनचा क्वीन्स पार्कच्या पुढचा भाग. तिथले रूळ नेटवर्क रेलचे आहेत.

तिसरा प्रकार ओव्हरटाइम बंदीचा. हा वरवर सौम्य दिसतो, पण आखणीसाठी सर्वांत वाईट. गाड्या वेळापत्रकात असतात आणि तासभर आधी एकेक गळत जातात. रविवारी हे जास्त होतं, कारण काही कंपन्यांत रविवारची पाळी ही आठवड्याच्या कामात धरलेलीच नाही, ती जादा कामातून भरतात. तुमचा तिसरा प्रवास रविवारचा आहे, म्हणून हे लिहिलं.

युनियनला संपाची नोटीस किमान दहा दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे प्रवासाला दहा दिवस उरले आणि तुमच्या तारखेची नोटीस नाही, तर पूर्ण संपाची भीती गेली असं समजा.

डब्लिनपर्यंत_बस

हीथ्रो–साउथॅम्प्टनसाठी रेल्वेचा विचारच करू नका, संप असो वा नसो. नॅशनल एक्स्प्रेसचा कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, थेट जाते. हीथ्रोच्या सेंट्रल बस स्टेशनवरून सुटते, ते टर्मिनल २ आणि ३ च्या मधोमध आहे. रस्ता मोकळा असला तर दोन तासांच्या आसपास. साउथॅम्प्टनला कोच स्टेशन हार्बर परेडवर आहे, सेंट्रल स्टेशनच्या दक्षिणेला, चालत जाण्याच्या अंतरावर.

चुका कुठे होतात ते सांगतो.

वेळ. विमान दीडला उतरलं म्हणून तीनचा कोच घेऊ नका. पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा आणि वाटेतलं चालणं धरून किमान अडीच ते तीन तास ठेवा. म्हणजे साडेचार–पाचचा कोच. वेळ बदलता येईल असंच तिकीट घ्या, ते थोडं महाग पडतं, पण स्वस्त तिकीट त्या एका फेरीपुरतंच चालतं.

जागा. संपाची नोटीस आली की दोन दिवसांत कोचचे दर चढतात आणि जागा संपतात. तारीख संशयास्पद वाटली तर नोटीस येण्याआधीच तिकीट काढून ठेवा.

बॅगा. विमानात २३ किलो चालतात, कोचमध्ये एका बॅगेला २० किलोची मर्यादा आहे. बॅगा डिकीत चढवायच्या असतात म्हणून ही मर्यादा, आणि जास्त भरली तर ड्रायव्हर नाकारू शकतो. मुंबईला भरतानाच तीन किलो हातातल्या बॅगेत हलवा. लोणच्याच्या बरण्या आणि पुस्तकं यांचाच भार सगळ्यांत जास्त असतो.

टर्मिनल ४ किंवा ५ ला उतरले, तर सेंट्रल बस स्टेशनपर्यंत रेल्वेनं यावं लागतं. हीथ्रोच्या टर्मिनलांमधला हा प्रवास फुकट आहे. सिग्नलवाल्यांच्या संपात हीथ्रो एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ लाइनऐवजी ट्यूबची पिकॅडिली लाइन धरा.

अल्टनचा_थांबा

कोच पूर्ण भरले तर काय, ते पण लिहून ठेवतो. बसची साखळी आहे: हीथ्रोहून रेलएअरची आरए२ गिल्डफर्डला, तिथून स्टेजकोचची ६५ अल्टनला, तिथून ६४ विंचेस्टरला आणि शेवटी ब्लूस्टारची १ साउथॅम्प्टनला. रस्ता हॅम्पशरच्या शेतांतून जातो, सुंदर आहे. पण चार बस, तीन बदल आणि दोन ज्येष्ठांसह बॅगा. दुपारी पाचला निघून हे करू नये.

अशी साखळी आखताना नेहमी शेवटच्या बसपासून मागे या. ब्लूस्टार १ वारंवार असते, तिची काळजी नाही. अडकतो तो मधल्या विरळ बसवर. संध्याकाळी सातनंतर गावांमधल्या फेऱ्या झपाट्यानं कमी होतात. प्रत्येक बदलाला किमान वीस मिनिटं ठेवा, आणि ‘ही चुकली तर पुढची किती वाजता’ हे प्रत्येक थांब्यासमोर कागदावर लिहा. पुढची नसेल तर त्या जोडणीवर प्रवास आखू नका. बस खरोखर कुठे आहे हे बसटाइम्स या संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतं. संपाच्या दिवशी रस्ते तुंबतात, तेव्हा थांब्यावरच्या छापील वेळेपेक्षा तो नकाशा खरा.

भाडं: इंग्लंडमध्ये बहुतेक स्थानिक बसचं एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड आहे. २०२४ अखेरपर्यंत ते २ पौंड होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल. ही मर्यादा बसगणिक आहे, प्रवासागणिक नाही, म्हणून तीन बसचे नऊ पौंड. लांब पल्ल्याच्या कोचला ती लागू नाही. आणि ज्येष्ठांचा फुकट बस पास इथल्या रहिवाशांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही.

सोलंटकाठ

पहिला प्रवास कोचनंच ठरला. दुसऱ्याबद्दल विचारतो: संप एकाच दिवसाचा असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी साउथॅम्प्टन–रीडिंग गाड्या नेहमीसारख्या असतात ना? आणि तिकिटांचं काय?

जंक्शनवाला

नसतात. सिग्नल केबिनमधली रात्रपाळी संपाच्या दिवशी रात्री सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे संपते. ती पाळी संपात धरली जाते, म्हणून पहाटे सिग्नल सांभाळायला माणूस नसतो. ड्रायव्हरांच्या संपानंतर कारण वेगळं: डबे चुकीच्या डेपोत उभे असतात, ते आधी जागेवर आणावे लागतात. दोन्हींत पहिले काही तास गडबडीचे जातात. सकाळी लवकर निघू नका, अकराच्या पुढे निघा. दुपारची भेट असेल तर ती संध्याकाळी ढकला.

पावती_जपून_ठेवा

तिकिटांबद्दल: आत्ता रद्द करू नका. हीच चूक सगळ्यांत महाग पडते. तुम्ही स्वतःहून रद्द केलं तर अ‍ॅडव्हान्स तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि बाकीच्या तिकिटांवर फी कापतात. पण तुमची गाडी कंपनीनं रद्द केली किंवा तिची वेळ बदलली आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर अ‍ॅडव्हान्ससकट पूर्ण पैसे मिळतात, फी न कापता. म्हणून संपाचं वेळापत्रक येईपर्यंत थांबा. त्यात तुमची गाडी नाही हे दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि मग अर्ज करा.

अर्ज जिथून तिकीट घेतलं तिथेच करायचा. एखाद्या अ‍ॅपवरून घेतलं असेल तर रेल्वे कंपनी हात वर करते, आणि ते नियमाला धरूनच असतं. मुदत २८ दिवस.

विलंबाची भरपाई वेगळी. दक्षिणेतल्या बहुतेक कंपन्यांत १५ मिनिटांपासून ती मिळते, पण उशीर मोजतात तो संपाच्या दिवसाच्या नव्या वेळापत्रकावरून. नेहमीची ९:१० ची गाडी त्यात नसेलच, तर ‘९:१० ची गाडी आली नाही’ हा दावा टिकत नाही. मग परताव्याचाच अर्ज करायचा. दोन्ही अर्ज एकाच तिकिटावर करू नका.

बऱ्याच संपांत कंपन्या तेच तिकीट आदल्या किंवा पुढच्या काही दिवशी चालवतात. कोणत्या तारखा, ते त्या त्या संपाच्या सूचनेत लिहिलेलं असतं. तुमच्या साउथॅम्प्टन–रीडिंगला हाच मार्ग कदाचित परताव्यापेक्षा सोयीचा.

क्रॉयडन_४०५

आता गॅटविक. सदर्न, थेम्सलिंक आणि गॅटविक एक्स्प्रेस तिन्ही एकाच कंपनीच्या, म्हणून ड्रायव्हरांचा संप झाला तर तिन्ही एकदम जातात. काही संपांत व्हिक्टोरिया–गॅटविक एवढीच न थांबणारी गाडी सोडली होती, ती क्रॉयडनला थांबत नाही, तुमच्या कामाची नाही.

रेल्वे पूर्ण वगळून जाता येतं. लंडनची लाल बस ४०५ क्रॉयडनहून पर्ली, कूल्सडन, मर्स्टम करत थेट रेडहिलला जाते. ती लंडनच्या हद्दीबाहेर जाते तरी भाडं लंडनचंच, १.७५ पौंड. रोख चालत नाही. रेडहिलच्या बस स्टेशनवर उतरायचं आणि मेट्रोबसची फास्टवे १०० धरायची, ती हॉर्लीमार्गे गॅटविकच्या साउथ टर्मिनलपाशी सोडते. नॉर्थ टर्मिनल हवं असेल तर तिथून फुकट शटल. क्रॉयडन ते गॅटविक दोन तास धरा, वर अर्धा तास ठेवा. अकराला पोचायचं तर सव्वाआठच्या आत ४०५ मध्ये बसलेलं असावं. वेळापत्रक बघताना रविवारचा रकाना बघा, आठवड्याचा नको.

एक बारीक गोष्ट. लाल बसमध्ये एका कार्डावर दोघांचं भाडं देता येत नाही, प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. पाहुण्यांनी भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड आणलं असेल, तर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही बँकेच्या अ‍ॅपमध्ये निघण्याआधीच सुरू करून घ्यायला सांगा. मेट्रोबसमध्ये मात्र ड्रायव्हरला सांगून एका कार्डावर दोन तिकिटं घेता येतात.

मोठ्या बॅगा असतील तर व्हिक्टोरियाहून कोच बरा. व्हिक्टोरिया कोच स्टेशन रेल्वे स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, बकिंगहॅम पॅलेस रोडवर. तिथे सुटणाऱ्या आणि येणाऱ्या कोचच्या इमारती वेगळ्या आहेत, मधे एलिझाबेथ स्ट्रीट. चुकीच्या इमारतीत शिरलं की बॅगा ओढत रस्ता ओलांडावा लागतो, आणि कोच सुटायच्या वेळी दार बंद होतं.

डब्लिनपर्यंत_बस

४०५ ला एक पुस्ती. क्रॉयडनहून पश्चिमेला, म्हणजे हीथ्रोला जायचं असेल, तर सुपरलूप या लंडनच्या जलद बससेवेची एसएल७ आहे, जुनी एक्स२६. सटन, किंग्स्टन करत जाते, भाडं तेच १.७५. थांबे कमी आहेत, पण किंग्स्टनच्या आसपास गर्दीच्या वेळी ती अर्धा तास सहज मागे पडते.

सोलंटकाठ

रीडिंगहून परत लंडनला एलिझाबेथ लाइननं यायचं झालं, तर ऑयस्टर, म्हणजे लंडनचं आधी पैसे भरायचं प्रवासकार्ड, चालेल का?

जंक्शनवाला

नाही. ऑयस्टर पश्चिमेला वेस्ट ड्रेटनपर्यंतच. रीडिंगला कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा कागदी तिकीट. चढताना ज्या कार्डानं टॅप कराल, उतरताना तेच वापरा. फोनमधलं आणि हातातलं तेच कार्ड असलं, तरी यंत्र त्यांना दोन वेगळी कार्डं समजतं आणि दोन्हींवर अपुऱ्या प्रवासाचं जास्तीचं भाडं लावतं. ग्रेट वेस्टर्नच्या संपाच्या दिवशी ही लाइन स्लाउच्या पुढे खच्चून भरते, तेव्हा रीडिंगलाच बसायची जागा मिळेल अशी गाडी धरा, लागलं तर एक सोडा.